एका बाजूने भाजलेली पोळी : ब्लिंट्झची कृती आणि तिच्यामागचा इतिहास

धिरडे एका बाजूने भाजले की उलटायचे, यात कोणाला काही वेगळे वाटत नाही. पूर्व युरोपातील ज्यू कुटुंबांत पिढ्यानपिढ्या होत आलेला ‘ब्लिंट्झ’ हा पदार्थ मात्र हा नियम जाणूनबुजून मोडतो. त्याची पातळ पोळी तव्यावर एकाच बाजूने भाजली जाते, दुसरी बाजू फिकट ठेवूनच ती उतरवली जाते, भाजलेल्या बाजूवर ताज्या चीजचे सारण ठेवून तिची पाकिटासारखी घडी घातली जाते आणि मग ती घडी पुन्हा लोण्यात परतली जाते. अर्धी राहिलेली भाजणी अशी दुसऱ्या वेळी पूर्ण होते. बाहेरची बाजू तोवर कच्ची असल्यामुळे ती खरपूस होऊ शकते आणि आतली बाजू आधीच भाजलेली असल्यामुळे सारणाच्या ओलाव्याने ती गिचका होत नाही.

जगात पातळ पोळीत सारण भरण्याची रीत इतकी सर्वदूर आहे की तिचे श्रेय कोणा एका समाजाला देता येणार नाही. बंगालमध्ये पौष संक्रांतीला खवा किंवा नारळ-गुळाचे सारण भरून पाटिशापटा होतो, गोव्यात नारळ आणि गुळाचे अलेबेले होतात, फ्रान्समधील ब्रिटनी प्रांतात कुट्टूच्या पिठाच्या पोळीत अंडे आणि चीज घालतात. ब्लिंट्झही याच मोठ्या कुळातला. तो आला शेजाऱ्यांच्या चुलीवरून. परंतु त्याला त्याचे वेगळे स्थान मिळाले ते चवीमुळे नव्हे, तर खाण्यापिण्याच्या एका धार्मिक नियमामुळे. तो नियम पाहण्यापूर्वी कृती समजून घेणे सोयीचे, कारण इतिहासातील बऱ्याच गोष्टींचा उलगडा या तव्यापाशीच होतो.

सुमारे बारा पोळ्यांसाठी १२५ ग्रॅम मैदा, ३ अंडी, २५० मिलिलिटर दूध, वितळवलेले २ मोठे चमचे लोणी आणि चिमूटभर मीठ इतके साहित्य पुरते. अंडी आणि दूध एकत्र फेटून त्यात मैदा थोडा थोडा मिसळावा, शेवटी लोणी घालावे. गुठळ्या राहिल्यास मिश्रण गाळून घेणे उत्तम. घोटत बसणे मात्र टाळावे. फार घोटल्याने मैद्यातील ग्लुटेन ताणले जाते आणि पोळी चिवट होते. याच कारणासाठी भिजवलेले पीठ किमान अर्धा तास झाकून ठेवतात. या अवधीत पिठाचे कण दूध शोषून घेतात, ताणलेले ग्लुटेन सैल पडते आणि फेटताना शिरलेली हवा बुडबुड्यांवाटे निघून जाते. आंबोळीला सुंदर जाळी पडावी म्हणून आपल्याकडे पीठ आंबवतात. ब्लिंट्झला जाळी अजिबात नको असते, कारण छिद्र पडले की सारण तेथूनच बाहेर येणार. मिश्रण ताकापेक्षा किंचित दाट, पळीवरून सलग धारेने पडणारे असावे.

तवा सुमारे २० सेंटिमीटर व्यासाचा आणि काठ असलेला घ्यावा. चांगला मुरलेला बिडाचा तवाही चालतो. तो मध्यम आचेवर तापवून त्याला लोण्याचा जेमतेम हात फिरवायचा, तीन मोठे चमचे मिश्रण मध्यभागी ओतायचे आणि तवा लगेच हाताने गोल फिरवून ते कडेपर्यंत पसरू द्यायचे. धिरड्यासारखे वाटीने पसरवण्याची सोय येथे नाही. तेवढ्यात मिश्रण धरून जाते. साधारण पाऊण ते एक मिनिटात वरचा ओला तकाकीपणा जातो आणि कडा सुटू लागतात. हीच खूण. पोळी उलथण्याने न पलटता स्वच्छ पंचावर उपडी करायची. पहिली पोळी बहुधा बिघडते. तिने तव्याचा ताप कळतो, म्हणून ती चव पाहण्याच्या कामी लावावी. दुधामुळे आणि अंड्यांमुळे या पोळ्या थंड झाल्यावरही लवचीक राहतात, त्यामुळे त्या आदल्या दिवशी करून, झाकून ठेवल्या तरी दुसऱ्या दिवशी घडी घालताना तुटत नाहीत. सणासुदीला घरात पंधरा-वीस माणसे जेवणार असतील तेव्हा ही सोय लहान नसते.

ज्यांच्याकडे अंडे चालत नाही त्यांनी मैद्यात दोन चमचे कॉर्नफ्लोअर घालून पाहण्यास हरकत नाही, पण तडजोडीची जाणीव ठेवावी. पोळीला वळण आणि ताण अंड्यातील प्रथिनांमुळे येतो. अंड्याविना ती धिरड्याच्या वळणावर जाते आणि घडीच्या कोपऱ्यांवर चिरते.

सारणासाठी पूर्व युरोपात जे ताजे चीज वापरतात त्याला रशियन भाषेत ‘त्वोरोग’ म्हणतात. दूध विरजून, हलके तापवून, कापडात बांधून त्याचे पाणी निथळू देतात; उरतो तो किंचित आंबट, दाणेदार आणि कोरडा गोळा. भारतातील बहुतेक बाजारांत ते मिळत नाही, तरी त्याची जुळणी करणे अवघड नाही. कुस्करलेले ताजे पनीर किंवा छेना दोन भाग आणि श्रीखंडासाठी बांधतो तसा चक्का एक भाग घेतला की पोतही साधतो आणि आंबटपणाही. नुसते पनीर कोरडे आणि अळणी लागते, नुसता चक्का तापल्यावर पाझरतो. अशा ४५० ग्रॅम मिश्रणात एका अंड्याचा बलक, दोन-तीन चमचे साखर आणि किसलेली लिंबाची साल घालतात. बलक तापल्यावर घट्ट होतो आणि सारणाला धरून ठेवतो. गोडपणा बेताचाच असावा. हा पदार्थ मिठाई म्हणून नव्हे, तर जेवण म्हणून वाढला जात असे.

घडी घालताना पोळीची भाजलेली बाजू वर ठेवून तिच्या खालच्या तिसऱ्या हिश्शावर दोन चमचे सारण आडवे पसरायचे, खालची कड त्यावर घ्यायची, मग दोन्ही बाजू आत दुमडून वळकटी करायची. उघडी कड खाली येईल अशा रीतीने ती तव्यावर ठेवली की उष्णतेने तीच आधी चिकटते आणि पाकीट बंद होते. परतण्यासाठी लोण्यात थोडे तेल मिसळावे, कारण निव्वळ लोण्यातील दुधाचा अंश लवकर करपतो. मंद आचेवर प्रत्येक बाजूला दोन-तीन मिनिटे पुरे. वाढताना वर ‘स्मेताना’, म्हणजे विरजलेली दाट साय घालतात. कोणी सफरचंदाचा शिजवलेला गर घेतो. अमेरिकेत ब्लूबेरी आणि चेरीचा पाक आला, तो पुढे.

‘ब्लिंट्झ’ हा शब्द यिद्दिश भाषेतून आला. जर्मन बोलींच्या पायावर उभी राहिलेली, हिब्रू लिपीत लिहिली जाणारी आणि स्लाव्ह भाषांतून भरपूर शब्द उचलणारी ही पूर्व युरोपातील ज्यूंची बोली. यातील ‘ब्लिंत्से’ हे रूप ‘ब्लिन’ या स्लाव्ह शब्दाच्या लघुत्वदर्शक रूपावरून घेतलेले आहे. ‘ब्लिन’चे जुने रूप ‘म्लिन’, अर्थ दळलेले. युक्रेनियन भाषेत पॅनकेकला आजही ‘म्लिनेत्स’ म्हणतात. इंग्रजीतील ‘मिल’ आणि चिरडणे या अर्थाचे संस्कृतातील ‘मृणाति’ हे क्रियापद याच मुळाशी जाऊन भिडते. थोडक्यात, नावात ना सारण आहे ना घडी, फक्त पीठ आहे.

त्याच प्रदेशात शेजारीच दुसरे एक नाव नांदते. हंगेरीतील ‘पालाचिन्टा’, ऑस्ट्रियातील ‘पालाट्शिंकन’ आणि रुमानियातील ‘प्लाचिंता’ ही सगळी लॅटिन ‘प्लासेन्टा’ची वंशावळ. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात रोमन मुत्सद्दी केटो याने शेतीवर लिहिलेल्या ग्रंथात मेंढीच्या दुधाचे चीज आणि मध घालून करायच्या प्लासेन्टाची सविस्तर कृती दिलेली आहे. तो पदार्थ थरांचा आणि भाजलेला होता, पातळ पोळी नव्हे. नाव टिकले, वस्तू बदलत गेली. पाककलेच्या इतिहासात असे वारंवार घडते आणि नावांवरून पदार्थाची जन्मतारीख ठरवू पाहणाऱ्यांची त्यामुळेच फसगत होते.

रशियात आणि युक्रेनमध्ये ख्रिस्ती कुटुंबे ईस्टरपूर्वीचा मोठा उपवास सुरू होण्याआधी ‘मास्लेनित्सा’चा आठवडा पाळतात. ऑर्थोडॉक्स पंथाच्या नियमानुसार या आठवड्यात मांस वर्ज्य असते, पण दूध, लोणी, चीज आणि अंडी चालतात. पुढे उपवासात तीही बंद होणार असतात. म्हणून घरात असलेले लोणी आणि अंडी संपवण्याचा सोपा मार्ग म्हणजे ब्लिनीचे ढीग. गोल ब्लिनी सूर्याचे प्रतीक असल्याचे उत्साहाने सांगितले जाते. ते खरे असेल-नसेल, लोण्याचे कारण मात्र चुलीपाशी बसणाऱ्या कोणालाही पटण्याजोगे आहे.

ज्यूंच्या घरात हीच पोळी वेगळ्या नियमाखाली आली. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, ही आज्ञा तोरा या धर्मग्रंथात तीनदा येते. धर्मपंडितांनी तिचा अर्थ विस्ताराने लावला आणि दूध व मांस एकत्र शिजवणे, एकत्र खाणे दोन्ही निषिद्ध ठरले. पाळणाऱ्या घरात भांड्यांचे दोन संच असतात, एक दुधाचा, एक मांसाचा. मांसाचे जेवण झाल्यावर दूध घेण्यापूर्वी काही तास जाऊ द्यावे लागतात. अनेक समाजांत ही मुदत सहा तासांची आहे. अशा घरात प्रत्येक जेवण आधीच ठरवावे लागते : आज चूल दुधाची की मांसाची? चीज भरून लोण्यात परतलेला ब्लिंट्झ निःसंशय दुधाच्या बाजूचा. मांसाच्या जेवणासाठी करायचा झाल्यास पीठ दुधाऐवजी पाण्यात भिजवतात, बटाटा किंवा कुट्टूचे सारण घालतात आणि परतायला तेल किंवा कोंबडीची चरबी घेतात. दिसायला पदार्थ तोच. हिशेब पूर्ण निराळा.

दुधाच्या जेवणाचा हक्काचा दिवस म्हणजे ‘शावुओत’. पेसाहनंतर सात आठवड्यांनी, मे किंवा जून महिन्यात येणारा हा सण मुळात गव्हाच्या कापणीचा. पुढे सिनाई पर्वतावर तोरा मिळाल्याचा दिवस म्हणून तो मानला जाऊ लागला. त्या दिवशी दुधाचेच पदार्थ का, याची उत्तरे अनेक आहेत. आहाराचे नियम त्याच दिवशी मिळाल्याने हाताशी असलेले मांस आणि भांडी निरुपयोगी ठरली, म्हणून लोकांनी दुधावर भागवले, असे एक. हिब्रूत दुधासाठी असलेल्या ‘हलाव’ शब्दाच्या अक्षरांची मूल्ये, म्हणजे हेतचे ८, लामेदचे ३० आणि बेतचे २, यांची बेरीज ४० होते आणि मोझेस पर्वतावर ४० दिवस होता, असे दुसरे. ताटात शेजारी शेजारी ठेवलेले दोन ब्लिंट्झ तोराच्या दोन गुंडाळ्यांसारखे दिसतात, हेही सांगितले जाते. ही स्पष्टीकरणे एकापेक्षा एक कल्पक आहेत. त्यांच्या जोडीला ऋतूचे साधे कारण ठेवायला हवे : युरोपात मे-जूनमध्ये कुरणे हिरवी होतात, व्यालेल्या गायींना दूध भरपूर असते आणि शीतपेटी नसलेल्या काळात ते टिकवायचे तर चीज करण्यावाचून गत्यंतर नव्हते.

येथे मराठी वाचकाच्या मनात कोकणातील बेने इस्रायली समाजाचा विचार येणे स्वाभाविक आहे. अलिबाग परिसरातील गावांत शतकानुशतके राहिलेला, मराठी बोलणारा हा समाज तोच नियम पाळत आला. पण ब्लिंट्झ त्यांच्या ताटातला नव्हे. तो पूर्व युरोपातील अश्केनाझी ज्यूंचा. दूध आणि मांस वेगळे ठेवण्याचा प्रश्न कोकणात नारळाने सोडवला. मांसाच्या रश्शात आणि सणाच्या हलव्यातही नारळाचे दूध आले, आणि नारळाच्या दुधाला तो निर्बंध लागू होत नाही. एकाच आज्ञेतून दोन भूभागांत असे दोन निराळे स्वयंपाक उभे राहिले.

पूर्व युरोपातील ज्यूंची वस्ती मुख्यत्वे रशियन साम्राज्याने आखून दिलेल्या पश्चिमेकडील पट्ट्यात होती. १७९१ साली सम्राज्ञी कॅथरीन दुसरी हिच्या काळात सुरू झालेले हे निर्बंध १९१७ पर्यंत टिकले. आजचे लिथुआनिया, बेलारूस, मोल्दोवा, युक्रेनचा बराच भाग आणि पोलंडचा पूर्व भाग त्यात येतो. शेतजमीन बाळगण्यावर बंधने, शहरांत राहण्यावर बंधने. अशा स्थितीत दूधदुभत्याचा धंदा अनेक कुटुंबांचा आधार होता. शोलेम अलेखेम या यिद्दिश लेखकाने १८९४ पासून लिहिलेल्या कथांचा नायक तेव्ये हाही घोडागाडीवरून दूध, लोणी आणि चीज विकणारा गवळीच. एरवीच्या दिवशी अशा घरांत राईची भाकरी, बटाटे आणि खारवलेला हेरिंग मासा असे. अंडी, पांढरे पीठ आणि लोणी एकाच वेळी मागणारा ब्लिंट्झ हा त्यामुळे सणाचा पदार्थ होता. तरीही तो श्रीमंतांचा नव्हता : तीन अंड्यांत बारा पाकिटे आणि त्यात घरचेच चीज.

१८८१ मध्ये झार अलेक्झांडर दुसरा याची हत्या झाली आणि त्यानंतर ज्यूंविरुद्ध दंगलींची लाट उसळली. तेव्हापासून १९२४ साली अमेरिकेने कायदा करून दारे जवळपास बंद करेपर्यंत पूर्व युरोपातून वीस लाखांहून अधिक ज्यू त्या देशात गेले. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागातील कोंदट चाळींत त्यांनी संसार मांडले आणि तेथे एक नवीच संस्था उदयाला आली : ‘डेअरी रेस्टॉरंट’. भांड्यांचे दोन संच सांभाळण्याचा खटाटोप टाळण्यासाठी या उपाहारगृहांनी मांस पूर्णपणे वगळले. ब्लिंट्झ, मशरूमचे सूप, बटाट्याचे पदार्थ, मासे आणि चहा यांवर ती चालत. त्यांतील सर्वांत नावाजलेले डेलान्सी स्ट्रीटवरील ‘रॅटनर्स’ १९०५ साली स्थापन झाले आणि जवळपास शतकभर चालले. यिद्दिशमध्ये लिहून १९७८ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे आयझॅक बॅशेविस सिंगर अशा उपाहारगृहांचे नित्याचे गिऱ्हाईक होते. ते शाकाहारी असल्याने त्यांची तेथे विशेष सोय होत असावी, हा तर्क वावगा ठरू नये.

मागे राहिलेल्यांचे काय झाले, ते जगाला ठाऊक आहे. १९३९ ते १९४५ या काळात नाझी राजवटीने साठ लाख ज्यूंची हत्या केली आणि ज्या गावांत शावुओतला लोण्याचा वास दरवळत असे ती ज्यू गावे नाहीशी झाली. आजच्या चेक प्रजासत्ताकातील तेरेझीन येथील छावणीत उपासमार सोसणाऱ्या स्त्रियांनी आठवणीतून पाककृती लिहून ठेवल्या होत्या. मीना पेख्टर यांचा १९४४ मध्ये त्या छावणीतच मृत्यू झाला. त्यांनी मुलीसाठी सोपवलेले ते कागद सुमारे पाव शतकानंतर न्यूयॉर्कमध्ये तिच्या हाती पडले आणि १९९६ साली त्यांचे पुस्तक झाले. त्यातील काही कृतींत जिन्नस राहून गेले आहेत, काहींत पायऱ्या सुटल्या आहेत. पुस्तकातून शिकणाऱ्याला त्या अपुऱ्या वाटतील. मात्र अशा पदार्थांत जे कागदावर येत नाही, म्हणजे कड कधी सुटली, पीठ किती धारेने पडले, ते शिकवणारी माणसेच उरली नाहीत, हा तोटा कोणत्याही पुस्तकाने भरून निघणारा नव्हता.

अमेरिकेत पदार्थ टिकला, पण बदलून. चीजमध्ये साखर वाढली, वर फळांचा पाक आला आणि न तळता गोठवलेली पाकिटे दुकानांच्या फ्रीझरमध्ये जाऊन बसली. ही पाकिटे भांड्यात रचून, वर अंडी व आंबट सायीचे मिश्रण ओतून ओव्हनमध्ये भाजण्याची ‘ब्लिंट्झ सूफ्ले’ नावाची पद्धत तेथील रविवारच्या न्याहारीत रुळली. जाणकार यावर नाक मुरडतात. वास्तविक गोठवण्याची कल्पना मूळ कृतीशी विसंगत नाही. दोन टप्प्यांत शिजणारा पदार्थ मधल्या टप्प्यावर थांबवणे सर्वांत सोपे. घरीही सारण भरलेली पाकिटे एकमेकांना न चिकटतील अशी मांडून गोठवता येतात आणि बर्फ न उतरवता, थेट मंद आचेवर झाकण ठेवून परतता येतात.

लोअर ईस्ट साइडला लागूनच असलेल्या ईस्ट व्हिलेज भागात १९५४ साली युक्रेनियन निर्वासितांनी ‘वेसेल्का’ नावाचे दुकान थाटले. नावाचा अर्थ इंद्रधनुष्य. सुरुवातीला तेथे वर्तमानपत्रे आणि गोळ्या-चॉकलेट विकली जात. पुढे त्याचे उपाहारगृह झाले. चीज भरलेल्या पातळ पोळ्यांना युक्रेनियन भाषेत ‘नालिस्निकी’ म्हणतात आणि ख्रिस्ती युक्रेनियन घरांत त्या आजही होतात. वेसेल्काच्या यादीत मात्र त्या ‘ब्लिंट्झ’ या यिद्दिश नावाने मिळतात, कारण त्या परिसरातील गिऱ्हाइकांना तेच नाव तोंडपाठ होते.